कुकी, सेशन आणि लॉगिन: सर्व्हरच्या बाजूने कोड लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इकडची बीसीए-एमसीएची पोरंपोरी आणि क्लासेस, पतसंस्था, अडत दुकानं यांच्या साइट करून देणारे फ्रीलान्सर हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक पीएचपीतली, कारण इकडच्या गिऱ्हाइकांचं स्वस्त शेअर्ड होस्टिंग त्यावरच चालतं. नोड, जँगो, जावा यांत वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलंय. हेडर आणि फंक्शनची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत आहेत. कोडमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

कुकी म्हणजे नेमकं काय?

सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेला मजकुराचा छोटा तुकडा. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. तुम्ही आत्ता एक पान मागितलं आणि पाच सेकंदांनी दुसरं, तर दोन्ही मागण्या एकाच्याच आहेत हे सर्व्हरला आपसूक कळत नाही. 1994 मध्ये नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने उत्तरासोबत एक तुकडा पाठवायचा आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक मागणीसोबत तो परत आणून दाखवायचा. आज सगळे ब्राउझर जे नियम पाळतात त्यांचा पाया 2011 च्या आरएफसी 6265 या मानक दस्तऐवजात आहे. तो एकदा चाळाच. वाटतो तितका रुक्ष नाही.

समजा तुम्ही बाजारभावाची साइट केलीय आणि शेतकऱ्याने एकदा तालुका निवडला की पुढच्या वेळी सोयाबीन-तुरीचा भाव थेट त्याच तालुक्याचा दिसायला हवा. सर्व्हरच्या उत्तरात ही ओळ जाते:

सेट-कुकी: तालुका=17; मॅक्स-एज=2592000; पाथ=/; सिक्युअर; सेमसाइट=लॅक्स

आणि पुढच्या मागणीत ब्राउझर एवढंच म्हणतो:

कुकी: तालुका=17

नीट बघा, परत येताना मुदत, पाथ, सिक्युअर यातलं काहीही येत नाही. फक्त नाव आणि किंमत. त्यामुळे “ही कुकी कधी संपणार आहे” हे सर्व्हरला कुकी वाचून कळू शकत नाही. ते हवं असेल तर तुमच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवा.

सर, सेटकुकी केलं, पण खालच्याच ओळीत वाचलं तर रिकामं यायलंय. कामून?

कारण कुकी अजून ब्राउझरकडे पोचलेलीच नाही. सेटकुकी() फक्त जाणाऱ्या उत्तराला एक हेडर जोडतं. $_कुकी या ॲरेमध्ये असतं ते आलेल्या मागणीसोबत आलेलं. पान एकदा रिफ्रेश करा, दिसेल. त्याच पानावर किंमत वापरायची असेल तर ती तुमच्याकडे व्हेरिएबलमध्ये आहेच की, ती वापरा. जँगो, नोडचं एक्सप्रेस, जावाचं सर्व्हलेट सगळीकडे हाच प्रकार आहे.

“हेडर्स ऑलरेडी सेंट” ही एरर माझ्या लॅपटॉपवर येत नाही, होस्टिंगवर टाकलं की येते.

हेडर आधी जातात, पानाचा मजकूर नंतर. मजकुराचं एक जरी अक्षर बाहेर पडलं तरी हेडरचं दार बंद. मग सेटकुकी, सेशन_स्टार्ट, रीडायरेक्ट सगळंच अडतं.

लॅपटॉपवर चालतं याचं कारण झॅम्पसारख्या पॅकेजमध्ये आउटपुट बफरिंग बहुधा 4096 बाइटवर चालू असतं. पीएचपी मजकूर थोडा वेळ हातात धरून ठेवतं आणि तुमची चूक झाकली जाते. होस्टिंगवर बफरिंग बंद असेल तर झाकण उडतं.

आता ते एक अक्षर शोधायचं कसं? एरर नीट वाचा, “आउटपुट स्टार्टेड ॲट” नंतर फाइलचं नाव आणि ओळ दिलेली असते. आपले लोक एररचा पहिला अर्धा भाग वाचून सोडून देतात आणि उत्तर दुसऱ्या अर्ध्यात असतं. बहुतेक वेळा दोषी असते ती कॉन्फिगची फाइल. शेवटच्या बंद टॅगनंतर एक रिकामी ओळ राहिलेली असते. नुसत्या पीएचपीच्या फाइलला तो बंद टॅग लिहूच नका, कटकट संपली. ओळ 1 दाखवत असेल आणि तिथे काहीच दिसत नसेल तर फाइल बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीला बसणारी, न दिसणारी खूण) सेव्ह झालीय. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमधून मराठी मजकूर यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करताना हे हमखास व्हायचं. एडिटरमध्ये “यूटीएफ-8, बीओएमशिवाय” निवडून परत सेव्ह करा.

सगळ्यात वरती बफरिंग चालू करणारं ओबी_स्टार्ट() टाकून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. चालतं, पण माझ्या मते ते चांगलं नाही. आधी सगळा हिशेब, मग एचटीएमएल अशी फाइल लिहायची सवय लावली तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

मुदत एक तासाची दिली, कुकी लगेच उडते.

पीएचपीच्या सेटकुकीला मुदत म्हणून कालावधी नाही, ठरावीक क्षण लागतो, तोही 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत. नुसतं 3600 दिलं तर अर्थ होतो 1970 सालच्या पहिल्या रात्रीचा एक वाजता. ती वेळ कधीच गेली, म्हणून ब्राउझर कुकी फेकून देतो. टाइम() + 3600 लिहा.

एक्सप्रेसमध्ये गंमत उलटी. तिथे मॅक्सएज मिलिसेकंदांत घेतात. 3600 दिलं तर कुकी 3.6 सेकंदांत संपते. जँगोत आणि जावाच्या सर्व्हलेटमध्ये साधे सेकंद.

एक्सपायर्स वापरू की मॅक्स-एज?

दोन्ही दिले तर मॅक्स-एज जिंकतं. एक्सपायर्समध्ये तारीख-वेळ असते आणि ती जीएमटीत, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. हाताने तारीख जुळवणारे इथे फसतात. दुसरी अडचण समोरच्या कॉम्प्युटरची. एखाद्या जुन्या डेस्कटॉपची सीमॉसची बॅटरी गेलेली असते आणि घड्याळ भलतंच साल दाखवत असतं. तसं घड्याळ पुढे असेल तर एक्सपायर्सवाली कुकी आल्या आल्या मरते आणि मागे असेल तर वेळ झाली तरी मरत नाही. मॅक्स-एज “आतापासून इतके सेकंद” एवढंच सांगतं, त्यामुळे ते अशा मशीनवरही बऱ्यापैकी टिकतं. क्रोम 2022 पासून कुठल्याही कुकीला 400 दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही, तेव्हा दहा वर्षांची मुदत लिहून उपयोग नाही.

दोन्ही दिले नाहीत तर ती सेशन कुकी, ब्राउझर बंद होईपर्यंतची. निदान पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. याबद्दल पुढे सेवा केंद्राच्या प्रश्नात.

लॉगआउट केलं तरी कुकी डिलीट होत नाही.

ब्राउझरच्या लेखी कुकीची ओळख तीन गोष्टींनी ठरते: नाव, डोमेन आणि पाथ. लावताना पाथ /ॲडमिन होता आणि पुसताना तुम्ही / दिला, तर तुम्ही दुसरीच कुकी पुसताय. जुनी तशीच राहते. लावताना जे दिलं तेच पुसताना द्या आणि मुदत मागची ठेवा. एकच छोटं फंक्शन करून लावणं आणि पुसणं दोन्ही त्यातूनच केलं तर हा घोळ होत नाही.

लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान यायलंय. पासवर्ड तर बरोबर आहे.

पासवर्ड बरोबर आहे, सेशनही (सर्व्हरवरची लॉगिनची नोंद) तयार झालंय, पण पुढच्या मागणीसोबत कुकी आलेली नाही. कारणं या क्रमाने तपासा.

पत्ता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून लॉगिन केलं आणि रीडायरेक्ट बिनडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या पत्त्यावर गेला, तर ब्राउझरच्या दृष्टीने ते दोन वेगळे होस्ट. डोमेन दिलं नसेल तर कुकी फक्त लावणाऱ्या होस्टलाच परत जाते. सर्व्हरवरच एक पत्ता पक्का करा आणि दुसऱ्याला तिकडे वळवा. लॅपटॉपवर लोकलहोस्ट आणि 127.0.0.1 यांचंही तेच. दिसायला एक, कुकीला दोन. उलट पोर्ट मात्र कुकी बघतच नाही. 3000 वरच्या प्रोजेक्टची कुकी 8080 वरच्या प्रोजेक्टलाही जाते, आणि दोन्हींत कुकीचं नाव “टोकन” असेल तर एकमेकांच्या लॉगिनचा सत्यानाश होतो.

सिक्युअर. हा झेंडा लावलेली कुकी फक्त एचटीटीपीएसवर जाते. साइट अजून साध्या एचटीटीपीवर असेल तर ती जाणारच नाही.

प्रॉक्सी, म्हणजे मागणी आधी घेऊन मागे पाठवणारा सर्व्हर. पुढे एनजिनएक्स एचटीटीपीएस सांभाळतोय आणि मागे नोडला साधं एचटीटीपी येतंय, तर एक्सप्रेस-सेशनला वाटतं कनेक्शन असुरक्षित आहे आणि ते सिक्युअर कुकी लावतच नाही. ना एरर, ना लॉग. “ट्रस्ट प्रॉक्सी” सेटिंग चालू करा आणि प्रॉक्सीकडून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर येतोय ना ते बघा.

कुकीत सरळ युजर आयडी ठेवला तर काय बिघडतं?

सगळंच. एफ12 दाबून ॲप्लिकेशन टॅबमध्ये गेलं की कुकीची किंमत कुणालाही बदलता येते. युजर=42 चं 43 केलं की दुसऱ्याचं खातं उघडलं. रोल=स्टुडंटचं रोल=ॲडमिन केलं की क्लासचे सगळे मार्क तुमच्या हातात. हे हॅकिंगसुद्धा नव्हे, दहावीच्या पोराला जमतं. कुकीतून आलेली किंमत फॉर्ममधून आलेल्या किमतीइतकीच परकी समजायची. तपासल्याशिवाय वापरायची नाही आणि पीएचपीच्या अनसीरियलाइझला तर कधीच द्यायची नाही.

बेस64 केलं, म्हणजे तोच मजकूर वेगळ्या अक्षरांत लिहिला, तरी फरक पडत नाही. ते कुलूप नाही. सही केलेली कुकी, म्हणजे किमतीसोबत गुप्त किल्लीने काढलेला एचमॅक, बदलली तर पकडली जाते, पण ती वाचता येतेच. फ्लास्कचं नेहमीचं सेशन अशाच सही केलेल्या कुकीत असतं. त्यात आधार नंबर किंवा मोबाइल नंबर ठेवणारे लोक मी पाहिलेत. तो ज्याला वाचायचा त्याला वाचता येतो.

मग सेशन कसं सुरक्षित?

सेशनमध्ये कुकीत फक्त एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारा आयडी असतो आणि खरा माल सर्व्हरवर. तुळजापूरला चप्पल ठेवल्यावर मिळतो तसा हा बिल्ला. स्टँडवाला तोंड बघत नाही, बिल्ला बघतो. म्हणजे बिल्ला चोरला तर चप्पलही गेली. पुढचे सगळे झेंडे त्या चोरीसाठी आहेत.

एचटीटीपीओन्ली लावलं की पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. कुणी कमेंटमध्ये स्क्रिप्ट घुसवली तरी बिल्ला उचलून नेता येत नाही. सेशनच्या कुकीला हे न लावायला एकही सबळ कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. सिक्युअरमुळे उघड्या वायफायवर ती कुणाला ऐकू येत नाही. 2010 मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं आणि कॉफी शॉपमधल्या शेजाऱ्याचं सोशल मीडियाचं लॉगिन एका क्लिकवर उचलता येतं हे जगाने पाहिलं. तेव्हा बऱ्याच मोठ्या साइट लॉगिनचं पान तेवढं एचटीटीपीएसवर ठेवून बाकी सगळं उघड्यावर चालवत होत्या. आणि लॉगिन यशस्वी झाल्या झाल्या सेशन_रीजनरेट_आयडी(ट्रू) करून आयडी बदला, म्हणजे आधीच कुणी आपला आयडी तुमच्या युजरच्या गळ्यात अडकवला असेल तर तो निकामी होतो.

कुकीच्या नावाआधी दोन अंडरस्कोअर, होस्ट आणि डॅश असा उपसर्ग लावला तर ब्राउझर स्वतःच अट घालतो: सिक्युअर हवं, पाथ / हवा आणि डोमेन द्यायचं नाही. फुकटची शिस्त आहे, घ्या.

आमची साइट आपले सरकार सेवा केंद्रातून आणि नेट कॅफेतून वापरली जाते. काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि हाच या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. कुकी ब्राउझरला ओळखते, माणसाला नाही. एक माणूस, एक लॅपटॉप असं धरून लिहिलेली शिकवणी आपल्याकडे तोंडघशी पाडते. शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, पीक विम्याचा फॉर्म भरायला तालुक्याच्या गावात दिवसभरात एकाच कॉम्प्युटरपुढे कितीतरी लोक बसतात, नाहीतर घरातला एकच मोबाइल बाप, लेक आणि भाऊ तिघं वापरतात.

बघा काय होतं. केंद्रचालक एका टॅबमध्ये पहिल्या विद्यार्थिनीचं लॉगिन करतो, फॉर्म अर्धा भरतो. तिला जातीच्या दाखल्याची झेरॉक्स आणायला पाठवतो. तोवर रांगेतल्या दुसऱ्याला बोलावून दुसऱ्या टॅबमध्ये त्याचं लॉगिन करतो. कुकी टॅबला नसते, अख्ख्या ब्राउझरला एकच असते. दुसऱ्याच्या लॉगिनने पहिलीची कुकी पुसली गेली. ती परत येते, पहिल्या टॅबमध्ये उरलेला फॉर्म भरते, सबमिट दाबते आणि तिची माहिती त्याच्या खात्यात जाऊन बसते. पडद्यावर “अर्ज यशस्वी” असंच येतं. कळतं ते यादी लागल्यावर.

यावर उपाय सर्व्हरवरच करायचा. लॉगिन होताना नवा सीएसआरएफ टोकन (फॉर्म याच सेशनमधून आलाय हे ओळखायची यादृच्छिक खूण) तयार करा, सेशनमध्ये ठेवा आणि प्रत्येक फॉर्ममध्ये लपलेल्या फील्डमध्ये टाका. दुसऱ्याचं लॉगिन झालं की पहिल्या टॅबमधला टोकन जुळणार नाही आणि सबमिट नाकारलं जाईल. जोडीला अर्ज क्रमांकही फॉर्ममध्ये ठेवा आणि तो सेशनमधल्या अर्जदाराचाच आहे ना ते तपासा. नाकारताना “अवैध टोकन” असलं काही दाखवू नका. “या ब्राउझरमध्ये आता दुसऱ्या अर्जदाराचं लॉगिन चालू आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा” असं स्पष्ट मराठीत लिहा. प्रत्येक पानावर अर्जदाराचं पूर्ण नाव ठळक दिसू द्या आणि शेवटच्या सबमिटआधी ते एकदा वाचायला लावा.

ब्राउझर बंद केला म्हणजे लॉगआउट झालं यावर विसंबू नका. “मागच्या वेळी उघडी होती ती पानं पुन्हा उघड” ही सोय चालू असेल तर क्रोम सेशन कुकीजही परत आणतो. मोबाइलवर तर ब्राउझर कुणी बंदच करत नाही. म्हणून काही मिनिटं हालचाल नसेल तर सेशन सर्व्हरनेच संपवावं. लॉगआउटचं बटण मोठं आणि वर असावं, आणि ते दाबल्यावर नुसती कुकी न पुसता सर्व्हरवरचं सेशनही नष्ट करावं. सोबत क्लिअर-साइट-डेटा हा हेडर पाठवला तर आजचे ब्राउझर साइटच्या कुकीज झाडून टाकतात. खासगी पानांना कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर लावा, नाहीतर पुढचा माणूस बॅकचं बटण दाबून आधीच्याचा बँक खाते क्रमांक वाचेल. “मला लक्षात ठेवा” ही टिक आधीपासून लावून ठेवणं तर अशा साइटवर गुन्हाच म्हणायचा.

उलट तक्रार: फॉर्म भरता भरताच सेशन संपतं, लोक चिडतात.

पीएचपीत सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम मुळात 1440 सेकंद असतं, म्हणजे 24 मिनिटं. मोठा फॉर्म, मध्येच लाइट गेली, कागद शोधण्यात वेळ गेला की झालं. नुसती कुकीची मुदत वाढवून काही होत नाही. बिल्ला हातात राहतो आणि सर्व्हरवरचा माल साफ झालेला असतो. दोन्ही वाढवा. शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक भानगड असते. सेशनच्या फाइल सगळ्यांच्या एकाच फोल्डरमध्ये पडत असतील तर शेजारच्या साइटची कमी मुदत तुमच्याही फाइल उडवते. सेशन.सेव्ह_पाथ आपल्या स्वतःच्या, वेबवरून न दिसणाऱ्या फोल्डरकडे वळवा.

पण खरं औषध वेगळं आहे. फॉर्मचे टप्पे करा आणि प्रत्येक टप्पा डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून जतन करा. मग सेशन लवकर संपवलं तरी कुणाचं काही जात नाही, आणि वरच्या उत्तरातली सुरक्षितताही राहते.

“मला लक्षात ठेवा” मग करायचं कसं?

घरच्या मोबाइलसाठी ते हवंच. यादृच्छिक लांब टोकन तयार करा, ब्राउझरला टोकन द्या, डेटाबेसमध्ये त्याचा हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा) ठेवा. टोकन वापरलं गेलं की नवं द्या, जुनं रद्द. पासवर्ड बदलला की त्या खात्याची सगळी टोकनं रद्द. कुकीत पासवर्ड ठेवायचा नाही, त्याचा एमडी5 हॅशसुद्धा नाही.

फी भरून पेमेंट गेटवेवरून परत आलं की विद्यार्थी लॉगआउट झालेला दिसतो.

सेमसाइटचा, म्हणजे परक्या साइटवरून येताना कुकी पाठवायची की नाही हे सांगणाऱ्या झेंड्याचा, खेळ. फेब्रुवारी 2020 मध्ये आलेल्या क्रोम 80 पासून, सेमसाइट न लिहिलेल्या कुकीला लॅक्स धरायला सुरुवात झाली. लॅक्स कुकी परक्या साइटवरून साध्या लिंकने, म्हणजे गेटने आलात तर जाते. पोस्टने, म्हणजे फॉर्म सबमिट होऊन आलात तर जात नाही. बरेच गेटवे निकाल तुमच्या पत्त्यावर पोस्ट करतात, म्हणून कुकी येत नाही. टेस्टिंगमध्ये हे कधी कधी सापडत नाही, कारण सेमसाइट अजिबात न लिहिलेल्या आणि दोन मिनिटांच्या आत लावलेल्या कुकीला क्रोम पोस्टमध्येही सूट देतो. तुम्ही भरभर टेस्ट करता, बाप मात्र ओटीपीसाठी शेतातल्या भावाला फोन लावत बसतो.

सेमसाइट=नन करून टाका असा सल्ला इंटरनेटवर मिळेल. ते सिक्युअरशिवाय चालत नाही, आणि चाललं तरी मी करणार नाही, कारण त्याने सगळ्याच परक्या साइटना दार उघडं होतं. निकाल घेणाऱ्या पानाला सेशन लागूच देऊ नका. ऑर्डर क्रमांकावरून नोंद शोधा, गेटवेची सही तपासा, पैसे जमा झाल्याचं लिहा आणि मग विद्यार्थ्याला पावतीच्या पानावर रीडायरेक्ट करा. ती मागणी गेट असते, कुकी येते, लॉगिन शाबूत.

कुकीत मराठी मजकूर ठेवता येतो का?

थेट नाही. किमतीत ॲस्की अक्षरंच चालतात, तीही स्पेस, स्वल्पविराम, अर्धविराम वगळून. पीएचपीचं सेटकुकी आपणहून पर्सेंट-एन्कोडिंग करतं, काही ठिकाणी तुम्हाला करावं लागतं. पण जागा बघा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइटचं, एन्कोड केल्यावर 9 अक्षरांचं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. “लातूर” 45 अक्षरं खातं आणि “छत्रपती संभाजीनगर” 147. म्हणून नाव न ठेवता तालुक्याचा, जिल्ह्याचा क्रमांक ठेवा. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो, आणि आपल्याकडे जिल्ह्यांची नावं बदललेली आहेतच.

एका साइटला किती कुकीज लावता येतात?

आरएफसी म्हणतं ब्राउझरने एक कुकी किमान 4096 बाइटची आणि एका डोमेनला किमान 50 तरी सांभाळाव्यात. त्या मर्यादेपर्यंत जाण्याची वेळ आली तर रचनाच चुकलीय. प्रत्येक मागणीसोबत, अगदी लोगोच्या चित्रासोबतही, त्या सगळ्या जातात. एचटीटीपी/2 हेडर दाबून पाठवतं, पण तेवढ्यावर अवलंबून राहू नका. “रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज” ही एनजिनएक्सची 400 एरर एकाच युजरला येत असेल तर त्याच्याकडे कुकीज साठत गेल्यात.

रिॲक्ट एका पत्त्यावर, एपीआय दुसऱ्या. फेच केलं की कुकी जात नाही.

फेचमध्ये क्रेडेन्शियल्स: इन्क्लूड द्या. सर्व्हरवर ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-क्रेडेन्शियल्स: ट्रू, आणि अलाउ-ओरिजिनमध्ये तारा (*) न ठेवता नेमका पत्ता. हे करून लॅपटॉपवर चालेल. मग दोन वेगवेगळ्या फुकट होस्टिंगवर टाकाल आणि आयफोनवर परत बंद पडेल, कारण तिथे ती थर्ड पार्टी (उघडलेल्या साइटची नसून परक्या साइटची) कुकी ठरते आणि सफारी 2020 पासून त्या सरसकट अडवते. एकच डोमेन घ्या, एपीआय त्याच्या सबडोमेनवर ठेवा.

पोस्टमनमध्ये लॉगिन टिकतं, अँड्रॉइड ॲपमध्ये टिकत नाही.

एपीआय तपासायचा पोस्टमन कुकी स्वतः सांभाळतो. अँड्रॉइड ॲपमधून मागण्या पाठवणारं ओकेएचटीटीपी नाही सांभाळत. त्याला कुकीजार (कुकीज साठवणारा भाग) नेमून द्यावा लागतो.

थर्ड पार्टी कुकीज बंद झाल्या ना?

सफारी आणि फायरफॉक्सने त्यांना बांध घातला. गूगलने 2020 मध्ये क्रोममधून काढू म्हणून जाहीर केलं, तारीख पुढे ढकलत नेली आणि 2024 मध्ये बेत बदलला. तुमच्या स्वतःच्या लॉगिनच्या कुकीला या सगळ्याचा काही त्रास नाही.

कुकीची परवानगी मागणारी पट्टी लावायलाच हवी का?

ती पट्टी युरोपच्या नियमांतून आली. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचा भर वैयक्तिक माहिती कशासाठी घेता आणि तिची संमती कशी घेता यावर आहे. लॉगिनची कुकी आणि जाहिरातीसाठी माग काढणारी कुकी यांना एका मापाने मोजू नका. क्लासेसच्या साइटवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: हा कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो, आणि बालकांवर पाळत ठेवणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला त्यात मनाई आहे. अकरावी-बारावीच्या पोरांसाठीच्या साइटवर जाहिरात कंपनीची ट्रॅकिंग स्क्रिप्ट फुकट मिळतेय म्हणून टाकू नका. गिऱ्हाईक हट्ट करत असेल तर वकिलाला विचारायला सांगा.

साइट गिऱ्हाइकाला देण्याआधी कुकीचं काय काय तपासून बघू?

कमांड लाइनवरून मागणी पाठवणाऱ्या कर्लला -आय (स्मॉल आय) देऊन लॉगिनचं उत्तर बघा, सेट-कुकीच्या ओळीत सिक्युअर, एचटीटीपीओन्ली आणि सेमसाइट तिन्ही दिसले पाहिजेत. मग एकाच ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडा, दोन खात्यांनी लॉगिन करा आणि पहिल्या टॅबमधून फॉर्म सबमिट करा. तो नाकारला गेला पाहिजे. लॉगआउट करून बॅक दाबा. लॉगआउटच्या आधी कुकीची किंमत कॉपी करून ठेवा आणि नंतर ती हाताने परत टाकून बघा. खातं उघडलं तर सर्व्हरवरचं सेशन अजून जिवंत आहे आणि साइट द्यायला तयार नाही.